नऊचा सेट म्हणून अकराची तार गळ्यात मारली. गिटारवाल्यांनो, मोजून घ्या

सांगलीत विश्रामबागेत मी गिटार शिकवतो. वेगात पिकिंग, म्हणजे पिकनं (छोट्या चकतीनं) तारा छेडणं, करायचं असेल तर इलेक्ट्रिक गिटारवर नऊ-बेचाळीसचा सेट लावा, असं मी मुलांना सांगतो. पहिली तार ०.००९ इंच, सहावी ०.०४२. ताण कमी, हात मोकळा राहतो. दिवाळीआधी क्लाससाठी असे डी'अडारिओ कंपनीचे सेट आणि डनलॉप कंपनीचे जॅझ थ्री पिक एका मोठ्या ॲपवरून मागवले. गावात एका सेटला पडतात तेवढ्यात तिथं दोन मिळत होते. पाकीट हुबेहूब.

तारा चढवल्या आणि मुलांची कुरकुर सुरू झाली. सर, बोटं दुखतात. सर, हात भरून येतो. बारावीचा अभ्यास सांभाळून रोज पहाटे मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून बसणाऱ्या एका मुलीचा वेग मिनिटाला १४० ठोक्यांवरून घसरला आणि ती स्वतःच्याच हाताला दोष द्यायला लागली. पैसे गेल्याचं एवढं नाही, पण या गोष्टीचा मला मनापासून संताप आहे.

कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या मित्राकडे बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता. नऊची तार ०.२३ मिलिमीटर भरायला हवी, भरली ०.२८, म्हणजे सरळ अकराची, ०.०११ इंच. फरक केसाएवढा वाटतो. पण लांबी तीच, सूर तोच असेल तर ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे इथं जवळजवळ दीडपट. पोरीचा हात दुखणार नाही तर काय होणार? सहाव्या तारेची जाडी तर टोकाला एक आणि मध्ये दुसरीच. अशी तार मोकळी सुरात लावली तरी बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर) दाबली की बेसूरच बोलते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. तारेवर जगणाऱ्या अशा मुलखात असला माल खपवला जातो, हे फार लागतं.

पिकही खोटेच. खरा नायलॉनचा जॅझ थ्री १.३८ मिलिमीटर जाड, आकारानं लहान, टोकदार आणि कडक असतो. टोक वाकत नाही म्हणून तारेवरून चटकन सुटतं. वेगासाठी तो घेतात तो यासाठीच. आमचे पिक चिमटीत दाबले की वाकत होते. कडेला साच्याची शिवण तशीच राहिलेली, नखाला टोचणारी, आणि प्रत्येक स्ट्रोकला तारेवर खरखरणारी.

डी'अडारिओच्या तारांच्या टोकाच्या मण्यांना ठरलेले रंग असतात. पहिलीपासून चंदेरी, जांभळा, हिरवा, काळा, लाल, पितळी. आमच्या मण्यांनाही रंग होते, पण अंगठ्यानं चोळल्यावर बोटाला लागले. नुसते रंग बघून पाकीट खरं मानू नका.

विक्रेता म्हणाला, चढवलेल्या तारा परत घेत नाही. हे त्याला म्हणताच येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बनावट माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच देऊन महिन्याच्या आत तक्रार मिटवायची असते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, मायक्रोमीटरचे फोटो जोडले आणि पैसे परत मिळाले. त्या मुलीच्या गिटारवर आता ओळखीच्या दुकानातून आणलेला, मोजून घेतलेला सेट आहे.

तेच फोटो आणि तीच किंमत त्या ॲपवर अजून दिसते, फक्त विक्रेत्याचं नाव बदललंय. तरीही मागवणार असाल तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.