रानभाज्यांच्या नोंदी: शोधपत्रिकेत छापाव्यात की खुल्या संग्रहात ठेवाव्यात?

वह्या भरल्या आहेत, रेकॉर्डिंगं फोनमध्ये पडून आहेत, आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांतली दोन माणसं एव्हाना गेलीसुद्धा. हे सगळं आता कुठंतरी नीट ठेवायला हवं, अशा टप्प्यावर जे कुणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. रायगडातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या रानभाज्यांच्या नोंदी आधी एका शोधपत्रिकेत इंग्रजी निबंध म्हणून छापल्या. नंतर त्याच नोंदी, मराठीत आणि ऐसपैस, झेनोडो या खुल्या संग्रहात ठेवल्या. डीओआय म्हणजे नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, एवढंच सांगतो; तो कसा घ्यायचा, खातं कसं उघडायचं, यात शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आधी शोधपत्रिकेचं जे देणं लागतो ते फेडून टाकतो. आमच्या निबंधाला दोन परीक्षक होते. एकाने तीन ओळींत 'छान' म्हणून सोडून दिलं. दुसरा मात्र हात धुऊन मागे लागला. फोडशी या रानभाजीच्या नावापुढे मी बिनधास्त एक शास्त्रीय जात लिहून टाकली होती. त्याने विचारलं, सह्याद्रीत क्लोरोफायटमच्या, म्हणजे फोडशीच्या वंशाच्या, इतक्या जाती असताना ही तीच, हे कशावरून? नमुना कुठल्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवलाय? क्रमांक काय? मी नमुना ठेवलाच नव्हता. पुढच्या पावसाळ्यात परत जाऊन फुलांसकट रोप आणलं, दाबून वाळवलं, जाणकाराला दाखवलं, तेव्हा कळलं की दोन वाड्यांवर फोडशी म्हणून मला दाखवलेली रोपं दोन वेगळ्या जातींची होती. तो परीक्षक नसता तर ही चूक माझ्या नावाने कायमची राहिली असती. खुल्या संग्रहात असा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. तुम्ही फाइल चढवता, बटण दाबता, झालं.

दुसरी गोष्ट पुराव्याची. हळदीची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की पुढे केलेल्या पुराव्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही होता. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात दुसऱ्या देशातल्या नुसत्या वहिवाटीला किंमत नव्हती. तारीख असलेलं छापील काहीतरी लागायचं. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची जी डिजिटल लायब्ररी उभी राहिली, तिचा भर मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या ग्रंथांवर. वाडीवरच्या आजीच्या तोंडी जे आहे ते ग्रंथांत नसतं, म्हणून तिथं सापडण्याची आशा कमीच. ते कुणीतरी तारखेसकट प्रसिद्ध केलं पाहिजे. या कामात शोधपत्रिका निदान सध्या तरी वरचढ वाटते, कारण शोधणारे लोक आधी तिथंच शोधतात. डीओआय असलेल्या संग्रहातल्या नोंदीवरही तारीख असते, ती जाहीरही असते. पण मराठी मजकूर परदेशातला पेटंट तपासनीस कितपत शोधणार, याची मला शंका आहे.

नोकरीचं काय, हा प्रश्न येणारच. बढतीच्या अर्जात शोधनिबंध मोजला जातो, संग्रहातली नोंद मोजली जात नाही, विषय संपला. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य शोधपत्रिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्यापासून पत्रिका पारखण्याची जबाबदारी आपल्यावरच आली आहे, एवढं लक्षात ठेवा. चार दिवसांत स्वीकृती आणि सोबत शुल्काची पावती, असा मेल आला तर तो न उघडलेलाच बरा. पारंपरिक ज्ञानासाठी इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज २००२ पासून चालू आहे आणि खुलं वाचता येतं. नवख्याने आधी त्याचे चार अंक चाळावेत, म्हणजे या क्षेत्रातल्या निबंधाचा साचा कळतो.

माझं गाडं अडलं ते या साच्यापाशीच.

साचा ठरलेला आहे. प्रस्तावना, अभ्यासक्षेत्र, पद्धत, मग एक लांबलचक तक्ता, आणि तक्त्याच्या आधाराने काढलेले निर्देशांक. तक्त्यात शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, वापरायचा भाग, उपयोग. ४३ वनस्पती, ४३ ओळी. मूळ मसुद्यात मी 'उपयोग' या रकान्यात दोन-तीन वाक्यं लिहिली होती. संपादकांकडून उत्तर आलं, की तक्ता पानात बसत नाही, रकाना दोन-तीन शब्दांत आटोपा. मी आटोपला. शेवळाची ओळ अशी झाली: अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, अ‍ॅरेसी, शेवळं, फुलोरा, भाजी.

ज्यांनी शेवळं खाल्ली आहेत त्यांना हसू आलं असेल. पावसाच्या तोंडावर जेमतेम काही दिवस मिळणारं हे शेवळ नुसतं चिरून फोडणीला टाकलं तर घसा असा खाजतो की माणूस रात्रभर गुळण्या करत बसतो. सुरणाच्याच जातकुळीतलं ते. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्यात असतात. म्हणून त्यातला पिवळा, खाजरा भाग आधी काढून टाकायचा आणि भाजीत काकडं घालायची. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं, बाजारात शेवळांच्या जुडीसोबतच मिळतात. हे सगळं माझ्या वहीत दीड पान होतं. कुठला भाग टाकायचा, एका जुडीला काकडं किती, न उमललेलीच शेवळं का घ्यायची, एका जागची सगळी का उपटायची नाहीत, आणि काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेवर भागवता येतं का, यावर दोन सासू-सुनांचं झालेलं भांडणसुद्धा. निबंधात यातला एक शब्द उरला: भाजी.

निबंध छापून आल्यावर सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा मेल आला. फार सभ्य माणूस. त्यांनी आमच्या तक्त्याच्या आधाराने मुलांना रानभाज्या ओळखायला शिकवलं होतं आणि घरी शेवळांची भाजीही केली होती. खाली लिहिलं होतं, 'सर, घरातल्या चौघांचेही घसे धरले. आमच्याकडून काही चुकलं का?'

त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. ज्या आजींनी मला शेवळांची माहिती दिली होती त्यांना पुढच्या खेपेला मी हे सांगितलं, तर त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "अरे, मी तुला अर्धा दिस सांगत होते, तू काय लिवलंस मग?"

एवढ्यावरून शोधपत्रिकांना नावं ठेवणं कुणाला अन्यायाचं वाटेल. वाटू द्या, थोडा अन्याय आहेच. दुसरी एखादी पत्रिका पुरवणी फाइल जोडू देईल. काही जण वनस्पतींची यादी टाळून एकाच वनस्पतीवर वर्णनात्मक निबंध लिहितात, आणि ते उत्तम असतात. मी तेव्हा नवखा होतो, संपादकांशी वाद घालायची छाती नव्हती. तरी मला असं वाटत राहतं, की विषाची परीक्षा ज्या पायऱ्यांत दडलेली असते त्या पायऱ्याच या साच्यात पहिल्यांदा गळतात. वनस्पतीचं नाव पुस्तकातही सापडतं. ती खाण्याजोगी कशी करायची, हेच तर त्या बायकांकडे होतं.

झेनोडोवर मी पुन्हा वहीपासून सुरुवात केली. एकेका भाजीला पान, दोन पानं, लागेल तेवढी जागा. बोलीतले शब्द तसेच ठेवले, शेवटी शब्दसूची दिली. ज्यांनी परवानगी दिली त्यांचे आवाज जोडले. शेवळाच्या नोंदीत सासू-सुनांचं भांडणही आहे, दोघींच्या संमतीने. आणि कर्त्यांच्या नावांत पहिलं नाव आजींचं टाकलं. शोधपत्रिकेच्या अर्जात प्रत्येक लेखकाची संस्था आणि ईमेल भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं, म्हणून तिथं त्या शेवटी आभारांच्या परिच्छेदात गेल्या होत्या.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती आवृत्त्यांची सोय. नोंद वाडीवर वाचून दाखवली की चुका निघतातच. निबंधात चूक निघाली तर शुद्धिपत्र, त्यासाठी पत्रव्यवहार, आणि मूळ निबंध वाचणाऱ्याला शुद्धिपत्र दिसेल याची खात्री नाही. इथं दुसरी आवृत्ती चढवली की जुनी तिच्या डीओआयसकट तशीच राहते आणि नवीवर नवी तारीख येते. काय बदललं, कुणी सांगितल्यावरून बदललं, तेही लिहिता येतं. वाचून दाखवणं हा शब्दही मुद्दाम वापरतोय. इंग्रजी निबंध वाडीवर वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मी मनातल्या मनात भाषांतर करत बसलो होतो, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी निबंध सोडून वहीच सांगतोय.

आता उणी बाजू. निबंधाला पाच वर्षांत अकरा संदर्भ मिळाले. संग्रहातल्या नोंदीला एक, तोही माझ्याच ओळखीच्या मुलीने दिलेला. पण एका आश्रमशाळेने त्या नोंदीच्या प्रिंट काढून वर्गात लावल्या आहेत. याची तुलना कशी करायची, मला सांगता येत नाही. परीक्षक नसण्याचा धोका वर सांगितलाच. त्यावर मी तोडगा काढला तो असा, की नमुने संग्रहालयात आधी जमा करायचे, क्रमांक घ्यायचे, आणि एका वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीला मजकूर दाखवल्याशिवाय काहीही चढवायचं नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा सारख्याच धोक्याच्या. एका वैदूंनी मला कावीळीवरचं औषध 'लिहायचं नाही' या अटीवर सांगितलं. ते मी कुठंच लिहिलेलं नाही. संग्रहात फाइल बंद ठेवून मागेल त्याला परवानगीने देण्याची सोय आहे, पण सर्व्हर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा आणि किल्ली माझ्याकडे. वैदूंच्या हातात त्यातलं काहीच नाही. 'व्यावसायिक वापर नको' असा परवाना निवडला म्हणजे ज्ञान सुरक्षित झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. परवाना तुमच्या वाक्यांना लागू होतो. त्या वाक्यांत सांगितलेली पाककृती किंवा औषध कुणी वापरलं तर तो आड येत नाही. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यात परदेशी व्यक्तींना संशोधनाचे निष्कर्ष देण्यावर बंधनं आहेत आणि शोधनिबंधांना त्यात वेगळी जागा ठेवलेली आहे. खुल्या संग्रहांचा तिथं नावाने उल्लेख नाही. मी भाज्यांपुरताच राहिलो, तरीही चढवण्याआधी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला पत्र पाठवून ठेवलं. औषधी ज्ञान असेल तर पत्रावर न थांबता नीट सल्ला घ्या.

लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावाने आपल्या जैवविविधतेच्या आणि ज्ञानाच्या नोंदी ठेवायच्या वहीचं काय, असं काही जण विचारतील. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी ज्या कल्पनेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली ती कल्पना या दोन्हींपेक्षा सरस आहे, कारण त्यात वही गावाची असते. पण हरित लवादाने वह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे राज्यांना दर महिन्याला १० लाख भरावे लागतील अशी तंबी दिली, आणि कित्येक वह्या धावतपळत भरल्या गेल्या. मी ज्या गावात काम केलं तिथली वही मागितली तेव्हा ती कपाटात होती आणि कपाटाची चावी सापडत नव्हती. तुमच्या गावची जैवविविधता समिती जागी असेल तर आधी तिकडे जा, माझ्या या तुलनेची गरजच नाही. आमच्या समितीला मी संग्रहातली नोंद छापून दिली आहे.

तर निवड करताना: पीएचडी चालू असेल, बढती अडली असेल, किंवा वनस्पतीच्या ओळखीबद्दल स्वतःलाच खात्री नसेल, तर शोधपत्रिका. मी तरी नको म्हणणार नाही. फक्त जमलं तर क्रम बदला. आधी पूर्ण नोंद मराठीत संग्रहात ठेवा, तिचा डीओआय घ्या, आणि मग निबंधाच्या तक्त्याखाली तो द्या, म्हणजे 'भाजी' या शब्दामागचं दीड पान शोधणाऱ्याला सापडेल. मात्र पत्रिकेला आधीच विचारून घ्या. काहींना आधी कुठंही प्रसिद्ध झालेला मजकूर चालत नाही. पीएचडीही नाही आणि बढतीही नाही, अशी माझ्यासारखी स्थिती असेल तर मी तक्त्याच्या वाटेला पुन्हा जाईन असं वाटत नाही.

गेल्या जूनमध्ये शेवळाच्या नोंदीची तिसरी आवृत्ती चढवली. आजींनी ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: काकडं ठेचून घालायची, अख्खी नाही. सुनेचं म्हणणं, अख्खी घातली तरी चालतात. दोन्ही लिहिलंय.