नोट्ससाठी जर्नलमधल्या आकृत्या: काही महिने वापरून झाल्यावर

नौपाड्यात बीएस्सीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. नोट्स छापून, स्पायरल बाइंडिंग करून विकतो, तेव्हा जर्नलच्या संशोधन पेपरमधली आकृती उचलायची तर परवानगी बघावीच लागते. त्यासाठी पेपरच्या वेबपानावरचं ‘राइट्स अँड परमिशन्स’ हे बटण बरंच वापरलं. सोय उत्तम आहे, पण माझ्या मते ते सगळ्यात शेवटी दाबायचं.

आधी लायसन्स बघा. सीसी बाय (श्रेय देऊन वापरा असं क्रिएटिव्ह कॉमन्सचं खुलं लायसन्स) असेल, उदाहरणार्थ प्लॉस वन या जर्नलमध्ये, तर कोणाला विचारायची गरज नाही. लेखकांची नावं, पेपरची आणि लायसन्सची लिंक द्यायची, बदल केला असेल तर तसं लिहायचं, झालं. विकायच्या नोट्सना एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) नको. आणि एनडी (बदल करून वाटायला मनाई) असेल तर माझ्यासारखीची पंचाईतच: लेबलं मराठीत केली की तो बदल झाला, तशी आकृती वाटता येत नाही! मूळ इंग्रजी लेबलांसह छापा, नाहीतर वेगळी परवानगी घ्या.

आणखी एक, कॅप्शन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पेपर ओपन अॅक्सेस (सगळ्यांना मोफत खुला) असला तरी आकृतीखाली बारीक अक्षरांत ‘रिप्रिंटेड विथ परमिशन’ असेल, म्हणजे ती दुसरीकडून घेतलेली असेल, तर पेपरचं लायसन्स त्या आकृतीला धरू नका.

एवढं करूनही अडलं तर मग बटण. बऱ्याच मोठ्या प्रकाशकांचं बटण कॉपीराइट क्लिअरन्स सेंटरच्या राइट्सलिंक या ऑनलाइन परवानगी-सेवेवर नेतं. कशासाठी, छापील की डिजिटल, किती प्रती, भाषांतर आहे का, हे भरलं की बहुतेक वेळा रक्कम समोर येते. प्रबंधासाठी कित्येकदा शून्य दिसते. विकायच्या पुस्तिकेला तसं नशीब क्वचितच. एका प्रकाशकाने ईमेल करायला सांगितलं, त्याचं उत्तर परीक्षा होऊन गेल्यावर आलं. नाव लिहीत नाही.

निव्वळ वर्गात शिकवायला एवढा खटाटोप नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52(1)(आय) शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला प्रत काढू देतं. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात 2016 साली उच्च न्यायालयाने कोर्सपॅकच्या (पुस्तकांतले भाग झेरॉक्स करून केलेल्या वाचनसंचांच्या) बाजूने कौल दिला तो याच कलमावर. पण त्या भरवशावर विकायची पुस्तिका मी छापणार नाही.

हल्ली निम्म्या आकृत्या स्वतःच काढते. माहितीवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. म्हणून ट्रेसिंग नाही, दोन-तीन पेपर वाचून कोऱ्या कागदावर. स्रोताचं नाव तरीही देते. वेळ जातो खरा, पण लेबलं हवी तशी मराठीत टाकता येतात.