बेसिल किट: बी झकास, कुंडी अगदीच भातुकलीतली

खिडकीत ठेवायचं बेसिलचं (इटालियन जेवणात घालतात ती तुळशीची बहीण) किट मागवलं होतं, अडीच महिने झाले म्हणून आता लिहितेय. डब्यात एक छोटी कुंडी, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) चकत्या, जिनोव्हीज नावाच्या जातीच्या बेसिलच्या बियांचं पाकीट आणि एक माहितीपत्रक, बस.

बी एक नंबर. वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर कोकोपीट भुरभुरवलं आणि सहाव्या दिवशी कोंब बाहेर. ओलं झाल्यावर बियांभोवती बुळबुळीत आवरण आलं तेव्हा मला वाटलं बुरशी, फेकायलाच निघाले होते, मग ट्यूब पेटली की अगं सब्जा भिजवला की हेच होतं, सब्जा म्हणजे बेसिलचंच बी की!

कुंडीला मात्र खाली भोकच नाही!! आणि पत्रक म्हणतं अख्खं पाकीट पेरा. मी पेरलं, सगळं रुजलं, आणि मग एवढ्याशा जागेत इतकी रोपं एकमेकांना ढकलत नुसती लांबच लांब वाढली, खाली पाणी साचून पानं पिवळी, वर चिलटं. शेवटी त्यातली तीन धड रोपं मोठ्या कुंडीत माती आणि कंपोस्ट घालून लावली कारण नुसत्या कोकोपीटमध्ये खत असं काही नसतंच. डब्यावरचा खिडकीचा फोटोही फसवा आहे, बेसिलला रोज सहा-आठ तास ऊन लागतं, माझ्या खिडकीत दोन तास येतं. बाल्कनीत नेल्यावर आठवड्यात रंग बदलला.

पण खरा राग कशाचा तर छाटणीबद्दल एक अक्षर नाही. ‘हवी तशी पानं तोडा’ म्हणे. मी खालची मोठी मोठी तोडत बसले आणि रोपाची झाली काठी, वर फक्त तुरा. तसं करायचं नसतं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की एका जोडीच्या जरा वर शेंडा खुडायचा, तिथून दोन फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे पुढे खुडायचे, असं झुडूप होतं. मंजिरी दिसली की लगेच काढा, नाहीतर नवीन पानं कमी येतात आणि चव कडवट होते. खुडलेला शेंडा टाकू नका, खालची पानं काढून पाण्यात ठेवला तर मुळं फुटतात, माझ्या एकाला दहा दिवसांत फुटली.

चवीला तक्रार नाही, पेस्टो (बेसिलची इटालियन चटणी) मस्त झाला. पास्त्यात घालणार असाल तर गॅस बंद केल्यावरच हातानं तोडून घाला, शिजवलं की वास गेला. आणि फ्रीजमध्ये पानं काळी पडतात, फांद्या पाण्याच्या ग्लासात बाहेरच ठेवा.

पाचपैकी अडीच स्टार, तेही बियांसाठी. नुसतं पाकीट मिळत असेल तर तेवढंच घ्या. कुंडीत मी आता चमचे ठेवते, भोक नाही ते तिथे बरं पडतं.