कॅलिपरच्या बोल्टचे आटे गेल्यावर बसवलेली हेलिकॉइल: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचे कॅलिपर (ब्रेक पॅड चकतीवर दाबणारा भाग) धरणारे ब्रॅकेट ज्या दोन बोल्टांनी स्टिअरिंग नकलवर (चाक धरणाऱ्या धातूच्या भागावर) बसते, त्यांपैकी खालच्या बोल्टच्या भोकाचे आटे गेले होते. पूर्वी एका गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलताना हा बोल्ट आधी बोटांनी न लावता थेट हवेच्या गनने घातला गेला होता, आणि पुढच्या वेळी तो काढला तेव्हा आट्यांचा चुरा त्याच्याबरोबर बाहेर आला. संपूर्ण नकल बदलण्याऐवजी त्या भोकात हेलिकॉइल बसवून घ्यायचे मी ठरवले. हे काम उन्हाळ्यात झाले. त्यानंतर गाडीने गगनबावड्याच्या बाजूचा अख्खा पावसाळा आणि आंबा घाटाचा उतार पाहिला, आणि आता गुऱ्हाळे सुरू झाल्यावर ती गुळाच्या ढेपा घेऊन कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात येते आहे. दुरुस्ती पक्की टिकली आहे.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची, स्प्रिंगसारखी दिसणारी गुंडाळी. खराब भोक थोडे मोठे करायचे, त्यात तिच्यासाठीच्या खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि ती आत फिरवून बसवायची. आतल्या बाजूने मूळ मापाचाच बोल्ट बसतो. अनेक यंत्रांत मऊ ॲल्युमिनियमच्या भागांना कारखान्यातूनच अशा गुंडाळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ही कामचलाऊ युक्ती आहे असे समजण्याचे कारण नाही.

तरीही ब्रेकच्या ठिकाणी ती वापरावी का, ही शंका रास्त आहे. ब्रेक दाबल्यावर पॅडवर येणारा सगळा जोर ब्रॅकेटमधून नकलकडे जातो, आणि बोल्टचे खरे काम ब्रॅकेटला नकलवर इतके घट्ट आवळून धरण्याचे असते की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर सरकूच नयेत. ती आवळ सैल झाली तर बोल्टवर आडवा मार बसू लागतो, ब्रॅकेट हलते, आणि कॅलिपर सुटून रिमवर आदळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून येथे जुना बोल्ट वेल्डिंगने चिकटवणे किंवा आट्यांवर पत्र्याची पट्टी गुंडाळून बोल्ट ठोकणे हे प्रकार मला सरळसरळ धोकादायक वाटतात, मग ते कितीही ठिकाणी चालत असोत.

बाजारातून आणलेल्या किटबद्दल माझे मत संमिश्र आहे. गुंडाळ्या उत्तम निघाल्या, टॅपही चांगला होता. ड्रिल मात्र नकलच्या कठीण धातूत लवकर बोथट झाले. त्याहून मोठा प्रश्न भोक सरळ ठेवण्याचा होता. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या टर्नरकडे मी गेलो, त्यांनी भोक पाहताच सांगितले, "दादा, हे हातमशीनवर धरू नकासा, तिरकं गेलं की नकलच गेला." त्यांच्या सांगण्यावरून नकल गाडीवरून उतरवला, मशीनवर पक्का बांधला आणि चांगल्या ड्रिलने भोक मोठे करून घेतले. कोल्हापुरात ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असल्याने असे काम नीट करणारा माणूस शोधायला फार फिरावे लागत नाही, आणि हा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटला.

किट घेण्यापूर्वी पिच गेजने आट्यांचे माप, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर (पिच), घेणे अत्यावश्यक आहे. बारा मिलिमीटरचा बोल्ट १.२५, १.५ आणि १.७५ मिलिमीटर अशा तिन्ही पिचमध्ये मिळतो. डोळ्यांना फरक कळत नाही, चुकीचा बोल्ट सुरुवातीला थोडा आतही जातो आणि मग अडकतो. गुंडाळीची लांबी शक्यतो बोल्टच्या व्यासाच्या दीडपट किंवा अधिक घ्यावी, आणि तिचे वरचे टोक पृष्ठभागापेक्षा पाव ते अर्धा आटा खाली राहील असे बसवावे. बोल्ट मी नवा घेतला, डोक्यावर १०.९ कोरलेला. यातील १० म्हणजे १००० मेगापास्कल ताणशक्ती, आणि पुढचा ९ सांगतो की तिच्या नव्वद टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. मूळ बोल्ट १०.९ चा असताना तेथे ८.८ चा बोल्ट घालू नये. आटे ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून निळे थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावले. त्याहून पक्के धरणारे लाल लावल्यास पुढे बोल्ट काढताना गुंडाळीही बाहेर येण्याची भीती असते. शेवटी गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्यावर) आवळून बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली.

ही रेघ मी अधूनमधून पाहत असतो आणि ती आजवर तुटलेली नाही, म्हणजे बोल्ट जागचा फिरलेला नाही. पावसाळ्यानंतर पॅड पाहण्यासाठी बोल्ट काढला तेव्हा तो सुरळीत फिरून आला, गुंडाळी जागेवरच राहिली, तिच्यावर गंजही दिसला नाही, आणि पुन्हा आवळताना ठरलेला टॉर्क कोठेही न घसरता मिळाला. दोन्ही पॅड सारखेच झिजले आहेत.

भोकाभोवती तडा असेल किंवा भोक लंबगोल झाले असेल, तर मात्र हेलिकॉइलचा विचार सोडून नकलच बदलावा. काही गाड्यांत हे आटे नकलऐवजी ब्रॅकेटमध्ये असतात. तेथे नवे ब्रॅकेट घेणे सोपे पडते. आणि एका किटमधून एकाच मापाचे काम होते, त्यामुळे एकच भोक दुरुस्त करायचे असेल तर किट विकत न घेता संपूर्ण काम वर्कशॉपकडूनच करून घ्यावे.