५७ चं टॉप्स की ७३ चं? (फक्त 'मागे काय दिसतंय' वाल्यांसाठी)

टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या बेसबॉल कार्डावरचा प्लेअर सोडून त्याच्या पाठीमागे काय चाललंय तेच बघत बसायची खोड ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहितोय, रूकी कार्डं (प्लेअरचं पहिलंवहिलं कार्ड) आणि ग्रेडिंगवाल्यांनी (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे) पुढे जावं. मी १९५७ आणि १९७३ चे दोन्ही सेट जमवायला घेतले होते, आता एकच चालू आहे.

आधी १९५७, कारण मान त्याचा. रंग भरलेल्या फोटोंऐवजी टॉप्सने खरे रंगीत फोटो पहिल्यांदा छापले ते इथे, आणि बरेचसे न्यूयॉर्कच्याच मैदानांवर काढलेले, म्हणजे मागे एबेट्स फील्ड, पोलो ग्राउंड्स. त्याच सीझननंतर या मैदानांवरच्या टीम डॉजर्स आणि जायंट्स दोघंही कॅलिफोर्नियाला गेले, १९६० मध्ये एबेट्स पाडलं, १९६४ मध्ये पोलो ग्राउंड्स, आता दोन्हीकडे बिल्डिंगा. त्यामुळे जुन्या स्टेडियमांवर जीव असेल तर ५७ ला तोड नाही, हे मान्यच.

पण अंधार हो! प्लेअर उन्हात आणि मागचे स्टँड्स मिट्ट काळोखात. टेबल लॅम्पखाली भिंग घेऊन बसायचो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका कार्डावर वरच्या स्टँडमध्ये हॅटवाला माणूस सापडला म्हणून आठवडाभर खूश होतो, बायकोला दाखवला, मित्राला फोटो पाठवला, आणि मग त्याच कार्डाची दुसरी कॉपी हाती आली तर त्यात हॅटवाला गायब. शाईचा डाग होता. आणि जिथे खरंच माणूस उभा होता, मिकी मँटलच्या मागे, तिथे त्याला रंग मारून पुसलाय, नीट बघितलं तर नुसती आकृती भुतासारखी उरलीय. हँक ॲरनची तर निगेटिव्हच उलटी छापली, तो डावखुरा झाला आणि मागचं स्टेडियमही उलटं!

१९७३ मध्ये सगळा कारभार उलट. फोटो लांबून, फ्रेममध्ये कोणीही घुसलेलं. स्टीव्ह गार्वीच्या कार्डावर वेस पार्कर हा दुसराच प्लेअर आडवा आलाय, गार्वीला शोधावं लागतं. बॉबी बाँड्सच्या कार्डावर विली स्टार्जेल. आणि पॅट कोरालेसचं कार्ड, नाव त्याचं पण खरा सीन फर्गी जेन्किन्सचा, पिचर (चेंडू टाकणारा) असून होम प्लेटवर (धाव पूर्ण होते ती जागा) घसरत येतोय आणि बिचारा कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) कोरालेस कोलमडतोय.

टीम बदललेल्यांच्या टोप्या आणि जर्सी ब्रशने रंगवल्यात ते भयाण दिसतं, नाकारत नाही. शिवाय कोणाला हा सगळा गोंधळ वाटेल, फोटोग्राफी नाही. माझं आपलं एवढंच की भिंग लावल्यावर समोर माणूस निघतो, डाग नाही.

कोरालेस मात्र ५४२ नंबर, म्हणजे सेट टप्प्याटप्प्याने निघाला त्यातल्या शेवटच्या सिरीजमधला, ती कार्डं जरा दुर्मिळ. एका कार्ड शोमध्ये कोपरे झिजलेली कॉपी घेतली, विकणारा म्हणाला अजून चांगली आहे आतमध्ये. म्हटलं कोपऱ्यांचं राहू दे, जेन्किन्स स्पष्ट दिसतोय ना?