साठ वॅटचा सीओबी लाईट घ्यावा का? हळदीला घ्या, स्लो-मोशनला नको

लग्नसराईच्या तोंडावर व्हिडिओ शूटिंगला घेतलेला लाईट, साठ वॅट सीओबी (एकाच चकतीवर दाटीनं बसवलेल्या एलईडी), ५६०० केल्विन म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, बोवेन्स माउंट म्हणजे पुढं रिफ्लेक्टर, सॉफ्टबॉक्स अडकवायची खोबण. कंपनी विचारू नका, हाच माल वेगवेगळे स्टिकर लावून विकायलेत, संभाजीनगरला एक नाव, लातुरात दुसरं, आत सगळं सेम. सहा हजाराच्या आसपास पडतो, रिफ्लेक्टर अडॅप्टर धरून. स्टँड वेगळा.

आधी कलरचं सांगतो कारण खरी गोम तिथंय. डब्ब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५+ छापलंय आणि चेहरे खरंच चांगले येतात, पण सीआरआय म्हणजे आठ फिकट रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा आर९ म्हणून वेगळा असतो आणि ह्या डब्ब्यावर तो कुठंच नाही. आता आपल्या लग्नात लालच लाल असतंय, कुंकू, मळवट, नवरीची डाळिंबी पैठणी. मी पैठणी आधी खिडकीच्या उजेडात आन् मग ह्या लाईटखाली धरून शूट केली, दोन्हीकडं व्हाईट बॅलन्स ग्रे कार्डवर, म्हणजे राखाडी कार्ड दाखवून कॅमेऱ्याचा पांढरा रंग सेट करून. सोनेरी जर मस्त आली, काठावरचे मोर सुटे दिसले, पण डाळिंबी रंग जरा विटकरीकडं झुकला. एडिटिंगला लाल थोडा ओढला की बसतंय. आणि मंडपवाल्याच्या स्वस्त फ्लडलाईटपुढं हा लई बरा हो, त्यात हळद हिरवट दिसती आन् नवरदेव चार दिवस सलाईनवर असल्यासारखा.

उजेडाचं म्हणाल तर डब्ब्यावरचा लक्सचा (उजेड मोजायचं माप) मोठा आकडा एका मीटरवरचा आन् रिफ्लेक्टर लावून घेतलेला आहे, हे बारीक अक्षरात लिहिलंय. लाईट दोन मीटरवर नेला की उजेड चौथा हिस्सा राहतो, तीन मीटरवर नववा, वरून सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला की आणखी एखादा-दोन स्टॉप गेला, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. म्हणजे पाटावर बसलेल्या नवरीला भरपूर, स्टेजवर फॅमिली फोटोला पंधरा माणसं उभी केली की कडेचे मामा-मामी अंधारात.

गोरज मुहूर्ताला अजून एक कटकट, आभाळ निळं पडत जातंय, मंडपातले बल्ब पिवळे आन् आपला हा दिवसाच्या उजेडाचा पांढरा, सीटीओ जेल (लाईटपुढं लावायचा नारिंगी प्लास्टिक कागद) लावल्याशिवाय चेहऱ्याची एक बाजू पिवळी एक निळी होती. मग पांढरा-पिवळा दोन्ही होणारा बायकलरच कामून नाही घेतला म्हणाल, तर त्यात पांढऱ्या-पिवळ्या एलईडी वाटून असतात, तेवढ्याच वॅटात उजेड कमी पडतो.

स्लो-मोशनला मात्र नकोच. फुल पॉवरवर ठीक चालतो पण दहा-वीस टक्क्यावर आणला की अक्षता पडतानाच्या शॉटमधी आडवे पट्टे यायलेत, डिमिंगसाठी एलईडी फटाफट चालू-बंद करतात त्याचा हा परिणाम. उजेड कमीच पाहिजे असंल तर डिम करू नका, लाईट मागं सरकवा नाहीतर डिफ्यूजर लावा. सेकंदाला नॉर्मल २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं तर काही त्रास नाही, आपली लाईन ५० हर्ट्झची असल्यामुळं मंडपातल्या बाकीच्या दिव्यांचा फ्लिकरपण (लुकलुक) त्यात बसून जातो.

फॅनचा आवाज आहे. आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करताना कॅमेऱ्यावरच्या माईकला घूं घूं ऐकू आली, कॉलर माईकला नाही आली. व्ही-माउंट बॅटरीचं (कॅमेरा-लाईटला मागं अडकवायची मोठी बॅटरी) सॉकेट दिलंय पण बॅटरीच लाईटपेक्षा महाग पडती, म्हणून मी जनरेटरवरच चालवतो, अडॅप्टर तापतो पण बंद नाही पडला.

एकटा लाईट म्हणून लग्नाची पूर्ण ऑर्डर काढायची असंल तर शंभर-दीडशे वॅटचाच बघा. हळद, मेहंदी, मुलाखत किंवा दुसरा लाईट म्हणून पाहिजे तर बिनधास्त घ्या, फक्त दुकानात काहीतरी गडद लाल कापड सोबत न्या आन् दाराच्या उजेडात एकदा, लाईटखाली एकदा धरून बघा, दुकानदार तोंड वाकडं करंल, करू द्या.