मेंदूतलं काळं आणि बाटलीतलं काळं

काकांना पार्किन्सन आहे. परवा तलावपाळीवर बसलो असताना म्हणाले, "मेंदूतला काळा रंग कमी झालाय म्हणे माझ्या. बाहेरून नाही का रे भरता येत?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

तो रंग म्हणजे न्यूरोमेलॅनिन. डोपामिन, म्हणजे मेंदूतला निरोप पोचवणारा रेणू, बनवणाऱ्या पेशींत वयाबरोबर साठत जातो, लोह धरून ठेवतो; तोवर राखणदार. पेशी मेली की बाहेर सांडतो आणि दाह भडकवतो. अल्फा-सिन्युक्लिन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या गुठळ्याही याच काळ्या पेशींत सापडतात.

बाटलीतलं काळं म्हणजे पॉलिडोपामिन. किंचित अल्कधर्मी पाण्यात डोपामिन हवेवर ठेवलं की चिरलेल्या वांग्यासारखं काळवंडतं. २००७ साली त्याचा चिकट लेप पुढे आला, तो खडकाला चिकटणाऱ्या शिणाण्यांवरून, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांवरून. (किती चिकट, ते ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात विचारा.) त्याचे नॅनोकणही करता येतात. मग तेच का नाही भरायचं? मेख इथे आहे: ऑक्सिडीकरण झालेलं डोपामिन त्याच अल्फा-सिन्युक्लिनचे लांब तंतू होऊ देत नाही, पण मधल्या अवस्थेतले छोटे पुंजके टिकवून ठेवतं. आणि तंतूंपेक्षा हे पुंजकेच जास्त घातक, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासापुरतं मी बाटलीतलंच निवडेन. उंदरांत न्यूरोमेलॅनिन जवळपास नसतंच, माणसाचं मिळवायचं तर मृत्यूनंतर दान केलेला मेंदू लागतो.

काकांना एवढंच म्हटलं, "भरता येत नाही अजून. पाचची गोळी घेतलीत का?"